डॅबकोट ते मार्लेंड, विनापरवानगी

"सॉरी म्हणायचं नाही. थँक्यू म्हणायचं नाही. आणि 'आम्ही इथून जाऊ का?' हे तर मनातसुद्धा आणायचं नाही," मॉरिस ग्रिम्शॉ डॅबकोट गावच्या हॉलमध्ये खुर्चीवर उभा राहून सांगत होता. समोर बसलेली दहा माणसं एकमेकांकडे बघू लागली. सॉरी आणि थँक्यू काढून घेतल्यावर डॅबकोटच्या माणसाकडे बोलायला उरतं काय, तर हवापाणी.

"मग बोलायचं काय?" मिल्ड्रेडबाईंनी विचारलं. मिल्ड्रेडबाईंचं वय चौऱ्याऐंशी. गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनी पियानो शिकवला होता आणि पियानो न येणाऱ्यांना निदान वागायला.

"काही बोलायचं नाही. चालायचं."

"समोरचा गुड मॉर्निंग म्हणाला तर?"

"तर तुम्हीही म्हणा. गुड मॉर्निंगला कायद्याची हरकत नाही. मी कचेरीत फोन करून खात्री करून घेतली आहे."

खरंच घेतली होती. त्या एका उत्तरासाठी मॉरिस चाळीस मिनिटं कानाला फोन लावून सनईसारखं काहीतरी ऐकत बसला होता.

प्रकरण असं होतं. डॅबकोटहून मार्लेंडला जाणारी अडीच मैलांची पायवाट. मेंढ्यांच्या कुरणातून, निळ्या ब्लूबेल फुलांच्या रानातून, आणि मग थेट म्हाताऱ्या हॅकेटच्या शेतघराच्या अंगणातून. लोक कायमच तिथून जात आले, त्यामुळे ती वाट सरकारी नकाशावर चढवून घ्यावी असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. हॅकेट वारला, आणि ते घर लंडनच्या रूपर्ट स्लिंग्सबी नावाच्या गृहस्थाने घेतलं. त्याने अंगणात हिरवळ लावली. तिच्यावर यंत्राने सरळ पट्टे काढले. मग त्या पट्ट्यांवर चिखलाचे बूट बघून त्याचं काळीज तुटलं, आणि त्याने जिल्हा कचेरीला कळवलं की इथे पायवाट वगैरे काही नाही, कधी नव्हती.

कचेरीचं पत्र आलं. नियम तीन ओळींचा होता. लोक सलग वीस वर्षं एखाद्या वाटेने जात असतील, जबरदस्तीने नाही, लपूनछपून नाही आणि मालकाच्या परवानगीनेही नाही, तर त्या वाटेवर लोकांचा वहिवाटीचा हक्क लागतो. जबरदस्ती डॅबकोटला जमण्यासारखी नव्हती. लपण्याचं काही कारण नव्हतं. घोडं अडलं ते तिसऱ्या ओळीपाशी.

"म्हणजे सभ्यपणे विचारून गेला तो हरला, आणि न विचारता घुसला तो जिंकला?" ट्रेव्हरने विचारलं. ट्रेव्हर निवृत्त पोस्टमन, मॉरिसचा शेजारी, आणि न मागता सल्ला देण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. "कुणी केला हा कायदा?"

"आपणच."

"आपल्याला झेपेल असा तरी करायचा."

रविवारी दुपारी एक वाजता कचेरीच्या पेनरोजबाई मार्लेंडच्या चर्चपाशी उभ्या राहणार होत्या. गावकरी त्या वाटेने उघडपणे चालत येतात हे डोळ्यांनी बघणार होत्या, आणि प्रत्येकाचा साक्षीचा अर्ज हातोहात घेणार होत्या. त्यानंतर मुदत संपत होती.

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे," मॉरिस खुर्चीवरून उतरता उतरता म्हणाला.

सगळ्यांना माहीत होतं की तत्त्वाचं नाव हेझल, ते मार्लेंडमध्ये चर्चला लागून राहतं आणि दर गुरुवारी दुपारी चारला चहाबरोबर आक्रोडाचा केक करतं. हेझल विधवा, मॉरिस जन्माचा ब्रह्मचारी. बावीस वर्षं दर गुरुवारी मॉरिस टाय लावून त्या पायवाटेने जायचा आणि साडेपाचला परत यायचा. याहून पुढे काही घडल्याचं ट्रेव्हरच्यासुद्धा कानावर नव्हतं. आता मॉरिसच्या डोळ्यांमुळे गाडीचा परवाना गेला होता, मार्लेंडची बस कधीच बंद झाली होती, आणि सडकेने सहा मैलांचा वळसा, तोही फुटपाथ नसलेल्या, दगडांचे ट्रक धावणाऱ्या रस्त्याने. वाट गेली की गुरुवार गेला. मॉरिसने हे मनाशीसुद्धा इतक्या स्पष्ट शब्दांत कबूल केलं नव्हतं, पण रात्री झोप लागत नव्हती हे खरं.

झोप न लागण्याचं आणखी एक कारण होतं, आणि ते अर्जातल्या सात नंबरच्या रकान्यात बसलं होतं. 'या वाटेने जाण्यासाठी आपण कधी मालकाची परवानगी मागितली होती काय?'

मॉरिसने मागितली होती. पाणीपुरवठा खात्यात सदतीस वर्षं काढलेला माणूस तो, न विचारता दुसऱ्याच्या अंगणात पाय कसा ठेवणार? पहिल्याच गुरुवारच्या आधी त्याने हॅकेटला रीतसर पत्र टाकलं होतं. म्हाताऱ्याने उत्तर कुंपणावरून तोंडी दिलं. "शंभर वर्षं लोक इथून जातायत, कुणी विचारलं नाही. तू विचारलंस ना? मग तुला सांगतो, नाही. तू सोडून कुणीही जा. आलास तर बंदूक काढीन." मॉरिस घरी गेला, रात्रभर विचार केला, आणि गुरुवारी टाय लावून गेला. तेव्हापासून दर गुरुवारी जात होता, हॅकेट मरेपर्यंत दर गुरुवारी खिडकीतून शिव्या घालत होता, आणि हे मॉरिसने जिवंत माणसाला सांगितलेलं नव्हतं.

आता लिहावं तर काय? 'नाही' लिहिलं तर सरकारी कागदावर खोटं. 'हो' लिहिलं तर न जाणो सगळ्या गावाचा दावा बुडायचा. सदतीस वर्षं एक रकाना मोकळा दिसला की लोकांचे अर्ज परत पाठवणाऱ्या मॉरिस ग्रिम्शॉने सात नंबरचा रकाना मोकळा सोडला, अर्जाची चौघडी केली आणि आतल्या खिशात घातली.

रविवार उजाडला तो एप्रिलमध्ये जसा उजाडतो तसा, एका बाजूने ऊन आणि दुसऱ्या बाजूने काळं कुट्ट. अकरा माणसं हॉलपाशी जमली. गावातल्या कुणीतरी सल्ला दिला होता की मोजे उलटे घाला, फोड येत नाहीत. त्यामुळे तिघांनी मोजे उलटे घातले होते आणि पहिल्या फर्लांगातच लंगडत होते. ट्रेव्हरचा सल्ला असा की तोंडात काहीतरी ठेवा, म्हणजे थँक्यू बाहेर पडणार नाही. त्याने सगळ्यांना पुदिन्याच्या गोळ्या वाटल्या. त्याबद्दल दहाच्या दहा जण थँक्यू म्हणाले.

"हे असं चालणार नाही," मॉरिस म्हणाला.

पहिलं कुरण पार पडलं. कोकरं होती, ती पळाली. कुणीतरी कोकराला सॉरी म्हणालं. मॉरिसने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या कुरणाच्या कुंपणावर चढायच्या लाकडी पायऱ्या होत्या. ट्रेव्हरने वरच्या फळीवर पाय दिला, फळीने काड्कन आवाज केला, आणि ट्रेव्हर पलीकडच्या खाजकुयलीत जाऊन बसला.

"लागलं का?" मिल्ड्रेडबाईंनी विचारलं.

"फळी मोडली?" मॉरिसने विचारलं.

"मी इथे खाजकुयलीत बसलोय, मॉरिस."

"ते दिसतंय मला. पण मोडतोड म्हणजे जबरदस्ती. कुंपण मोडून आलो असं स्लिंग्सबी म्हणाला तर संपलंच." मॉरिस गुडघ्यावर बसला. फळी मधोमध चिरली होती. त्याने स्वतःच्या बुटांच्या नाड्या काढल्या, मिल्ड्रेडबाईंचा मफलर मागून घेतला, आणि फळी अशी आवळून बांधली की हाड मोडलेल्या माणसालासुद्धा इतकी काळजी मिळत नसेल. वीस मिनिटं गेली. पुढचे दोन मैल मॉरिस बिननाडीच्या बुटांनी पाय घासत चालला. जो माणूस गवत कापतानासुद्धा टाय लावतो, त्याला हे फार लागलं. पण तो थांबला नाही.

ब्लूबेलच्या रानात जरा बरं वाटलं. सगळी जमीन निळी झालेली. मिल्ड्रेडबाई उभ्या राहून नुसत्या बघत राहिल्या. "अजून एकदा बघायला मिळालं," त्या म्हणाल्या. मॉरिसला वाटलं, हे सगळं एका माणसाच्या हिरवळीवरच्या पट्ट्यांसाठी बंद व्हायचं? त्याने पाय उचलला. बूट तिथेच राहिला. तो परत घालून तो पुढे निघाला.

रानाबाहेर पडलं आणि गारा सुरू झाल्या. हरभऱ्याएवढ्या, तिरप्या, नेमक्या कानावर. दहा माणसं एका झेपेत उंच काटेरी कुंपणाच्या आडोशाला जाऊन चिकटली. मॉरिस एकटा माळावर उभा.

"बाहेर या," तो ओरडला. "आधी बाहेर या सगळे."

"गारा पडतायत, मॉरिस."

"पडू देत. तुम्ही कुंपणाआड आहात. स्लिंग्सबीचं घर समोर आहे, तो दुर्बीण घेऊन बसला असेल. लपूनछपून आले असं लिहून देईल. दुसरी ओळ आठवा."

"आम्ही लपलो नाही. आम्ही भिजत नाही आहोत."

"कायद्याला फरक कळत नाही."

दहा माणसं एकेक करून बाहेर आली. कुणाच्याही चेहऱ्यावर प्रेम नव्हतं. ऐन गारांत, उघड्या माळावर, घराकडे तोंड करून अकरा माणसं सगळ्यांना दिसतील अशी रांगेत उभी राहिली. रांगेत उभं राहा असं मॉरिसने सांगितलं नव्हतं. ती आपोआप लागली. गारा थांबल्या तेव्हा प्रत्येकाच्या टोपीत मूठभर साठल्या होत्या.

आणि मग स्लिंग्सबीचं घर आलं.

मॉरिसने बऱ्याच गोष्टींची तयारी केली होती. कुलूप असेल, कुत्रा असेल, काटेरी तार असेल. फाटक सताड उघडं होतं. हिरवळीवर टेबल, टेबलावर पांढरंशुभ्र कापड, वाफा निघणारी चहाची मोठी किटली, भट्टीतून काढलेले गरम स्कोन-पाव, दाट सायीचा वाडगा आणि स्ट्रॉबेरीचा जॅम. टेबलामागे पाटी. 'पादचाऱ्यांचं स्वागत आहे. मालकाच्या परवानगीने.' पाटीशेजारी स्वतः स्लिंग्सबी, लिंबाच्या रंगाचा स्वेटर घालून, हसतमुख. त्याची बायको फोन वर धरून सगळ्याचं चित्रण करत होती.

"या, या," स्लिंग्सबी म्हणाला. "किती भिजलात. माझ्या परवानगीने खुशाल जा इथून. पण आधी चहा घ्या. दोन शब्द थँक्यूचे म्हटले की झालं."

माणूस कोर्टकचेऱ्या कोळून प्यालेला होता. मॉरिसने मागे वळून पाहिलं. दहा ओली, गारठलेली, जन्मभर थँक्यूवर पोसलेली माणसं. गोळ्या कधीच विरघळल्या होत्या. ओठ हलायला लागले होते. एकाने तर हातमोजे काढले होते, म्हणजे तो चहाला हात घालणार हे नक्की.

"चालत राहा," मॉरिस दातांतल्या दातांत म्हणाला. "टेबलाकडे बघू नका. फाटकाकडे बघा."

माणसं चालली. हिरवळीच्या पट्ट्यांवरून अकरा जोड्या चिखलाचे बूट, एकामागून एक, मुक्याने. इतका उद्धटपणा डॅबकोटच्या इतिहासात झाला नसेल. कुणाचे कान लाल झाले, कुणी डोळे मिटले. एकाने हातमोजे परत घातले. आणि टेबलासमोर येऊन मिल्ड्रेडबाई थांबल्या.

या बाईंना थँक्यू न म्हणता पुढे जा म्हणणं म्हणजे माशाला पाण्याबाहेर राहा म्हणण्यासारखं होतं.

मिल्ड्रेडबाईंनी स्लिंग्सबीकडे पाहिलं. मग स्कोनकडे पाहिलं.

"मिस्टर स्लिंग्सबी," त्या म्हणाल्या, "मी तुमची परवानगी मागितलेली नाही, आणि तुम्ही दिलेली मी घेत नाही. आणि हे स्कोन मधे कच्चे आहेत."

त्या पुढे निघाल्या. चार पावलं गेल्यावर त्यांचा धीर सुटला आणि न वळता त्या हळूच म्हणाल्या, "सॉरी."

"ते चालतंय का?" मागून कुणीतरी घाबरून विचारलं.

"चालतंय. सॉरी म्हणजे परवानगी नव्हे," मॉरिस म्हणाला. त्याला स्वतःलाही खात्री नव्हती.

फाटकाबाहेर पडल्यावर मिल्ड्रेडबाई दगडावर बसल्या. "चौऱ्याऐंशी वर्षांत मी कुणाशी असं वागले नव्हते."

"कसं वाटतंय?" मॉरिसने विचारलं.

"बाळा, फार बरं वाटतंय. हे मी आधीच का नाही केलं?"

तेवढ्यात ट्रेव्हरच्या खिशातून जॅम गळताना दिसला.

"ट्रेव्हर, हे काय?"

"स्कोन. उचलला."

"तू त्याचा पाहुणचार घेतलास?"

"घेतला कुठे? चोरला. न विचारता. तूच म्हणालास ना, विचारायचं नाही म्हणून." ट्रेव्हरने एक घास खाल्ला. "आणि बाईंचं खरं आहे. मधे कच्चाच आहे."

एकला पाच मिनिटं कमी असताना ती वरात मार्लेंडच्या चर्चपाशी पोचली. पेनरोजबाई उभ्या होत्या, चष्मा लावलेल्या, हातात कागद लावलेली लिहायची फळी. शेजारी हेझल, करड्या केसांना रुमाल बांधून. आणि थोड्या अंतरावर स्लिंग्सबी. तो सडकेचा वळसा घालून गाडीने आधीच पोचला होता. मॉरिसने बिननाडीच्या बुटांकडे हेझलचं लक्ष जाऊ नये म्हणून उंच गवतात उभं राहणं पसंत केलं.

पेनरोजबाईंनी दहा अर्ज वाचले. प्रत्येकाला दोन प्रश्न, एक सही. मग अकरावा.

"मिस्टर ग्रिम्शॉ, सात नंबरचा रकाना मोकळा आहे."

सदतीस वर्षं हे वाक्य मॉरिसने लोकांना ऐकवलं होतं. आपल्यालाच ऐकावं लागलं तर कसं लागतं ते त्याला आज कळलं.

"'नाही' म्हणून लिही आणि मोकळा हो," ट्रेव्हर कानात पुटपुटला.

मॉरिसने पेन घेतलं. समोर हेझल होती. 'नाही' हा दोन अक्षरांचा शब्द. लिहिला की वाट राहिली, गुरुवार राहिला. पण हात काही हलेना. खोटं लिहून मिळवलेल्या वाटेने तो गुरुवारी टाय लावून जाणार कसा?

"मी मागितली होती," मॉरिस म्हणाला. "परवानगी. बावीस वर्षांपूर्वी. हॅकेटकडे. पत्र लिहून."

मागे दहा माणसांनी एकदम श्वास घेतला. स्लिंग्सबी दोन पावलं पुढे आला.

"मिळाली?" पेनरोजबाईंनी विचारलं.

"नाही. आलास तर बंदूक काढीन म्हणाला."

"मग तुम्ही गेला नाहीत."

"गेलो."

"किती वेळा?"

"दर गुरुवारी. बावीस वर्षं. आजारपणाचे चार गुरुवार सोडून."

"ऐकलंत ना?" स्लिंग्सबी म्हणाला. "मनाई होती. सगळा दावाच रद्द."

पेनरोजबाईंनी चष्मा सारखा केला. "हॅकेटने ही मनाई आणखी कुणाला केली होती?"

"मला एकट्यालाच," मॉरिस म्हणाला. "तू सोडून कुणीही जा, असे त्याचे शब्द होते. मी विचारलं म्हणून."

"मग मनाई एका माणसाला होती. बाकीच्या दहांना कुणी अडवलं नाही, कुणी परवानगी दिली नाही. त्यांच्या साक्षी पुरेशा आहेत. मी वाट नकाशावर घ्यायची शिफारस करते आहे." त्यांनी मॉरिसच्या अर्जावर आडवी रेघ मारली. "तुमची साक्ष मात्र बाद, मिस्टर ग्रिम्शॉ. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही बावीस वर्षं बेकायदा घुसत होता."

स्लिंग्सबी गाडीकडे गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मिल्ड्रेडबाईंनी चक्क शीळ घातली. वाट वाचली होती. मॉरिसला आनंद झाला होता, फार झाला होता, पण ती आडवी रेघ काही डोळ्यांपुढून हलत नव्हती. खुर्चीवर उभं राहून ज्याने सगळ्यांना शिकवलं, अख्ख्या गावात गुन्हेगार तेवढा तोच निघाला होता. आणि तोही हेझलसमोर.

हेझल पुढे आली. "हॅकेट बंदूक काढीन म्हणाला होता?"

"तोंडी म्हणाला होता. लेखी काही नाही."

"आणि तरी तू येत राहिलास."

"तुमचा केक चांगला असतो," मॉरिस गवताकडे बघत म्हणाला.

हेझल कचेरीच्या बाईंकडे वळली. "पेनरोजबाई, तुमचा तो नियम परत एकदा सांगा. वीस वर्षं काय काय नसलं म्हणजे हक्क लागतो?"

"जबरदस्ती नको, लपवाछपवी नको, परवानगी नको."

"या माणसाने बावीस वर्षांत जबरदस्ती कधी केली नाही. केकचा दुसरा तुकडासुद्धा मागून घेत नाही. लपवाछपवी म्हणाल तर माझ्या स्वयंपाकघराला पडदे नाहीत, सगळं मार्लेंड बघतं. आणि विचारायचं म्हणाल, तर त्या हॅकेटला पत्र लिहून विचारलं याने. मला बावीस वर्षांत कधी काही विचारलं नाही. मी वाट बघून बघून थकले."

पेनरोजबाईंनी फळी छातीशी धरली. त्यांचा चेहरा सरकारीच होता. "मग हक्क लागलेला आहे," त्या म्हणाल्या.

दहा माणसं चर्चच्या छपराकडे, ढगांकडे, आपापल्या बुटांकडे बघू लागली. मॉरिसचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्याने टायची गाठ चाचपली.

"हेझल," तो म्हणाला, "मी तुम्हाला विचारू का, की..."

"आता विचारू नकोस," हेझल म्हणाली. "विचारलंस तर सगळा दावा रद्द होईल. बूट दारात काढ आणि आत ये."

मॉरिस आत गेला. त्या दिवशी रविवार होता.